माझ्या एका पेपरची अकरा सायटेशन्स

मागच्या महिन्यात प्रमोशनचा फॉर्म भरत होते. पहिल्याच पानावर तीन रकाने, एकूण पब्लिकेशन्स किती, एकूण सायटेशन्स (म्हणजे पुढच्या पेपरांत आपल्या पेपरचे दिलेले संदर्भ) किती आणि एच-इंडेक्स किती. हे आकडे शोधायलाही लागत नाहीत, गूगल स्कॉलरवर आपलं प्रोफाइल उघडलं की पेपरांची यादी समोर आणि सायटेशन्स, एच-इंडेक्स उजव्या बाजूला तयार असतात. माझे होते २७ पेपर, २,३०० च्या थोडी वर सायटेशन्स, एच-इंडेक्स १४. भरून टाकले आणि पुढच्या पानावर गेले. पण प्रोफाइलवरची यादी सायटेशनच्या क्रमाने लावलेली असते ना, सगळ्यात जास्त असलेला पेपर सगळ्यात वर, आणि ज्या एका पेपरसाठी मी चार वर्षं रिगसमोर (मेंदूच्या पेशींचे सिग्नल मोजायची मांडणी) बसून काढली तो मला वरच्या दहात दिसेना, पंधरातही दिसेना. सतराव्या नंबरवर सापडला. ११ सायटेशन्स.

फॉर्म तिथेच राहिला. मी ते अकराही पेपर डाउनलोड केले आणि पुढचे तीन-चार दिवस रात्री बसून एकेक वाचला. आपलं नाव कुठे आलंय ते कंट्रोल-एफ मारून बघणं वेगळं आणि ते वाक्य काय म्हणतंय, त्याच्या आधी काय आहे, त्या माणसाने आपला पेपर खरंच उघडला होता का हे बघणं वेगळं, आणि इतक्या वर्षांत मी हे दुसरं कधीच केलं नव्हतं.

पण आधी यादीतल्या सगळ्यात वरच्या पेपरबद्दल सांगते. त्याला ११५० च्या आसपास सायटेशन्स आहेत, म्हणजे माझ्या एकूण आकड्यातला निम्मा भाग एकट्या त्याचा. तो एका सॉफ्टवेअरचा पेपर आहे, इलेक्ट्रोडमधून येणाऱ्या सिग्नलमधले स्पाइक (पेशीचे क्षणभराचे विजेचे ठोके) कुठल्या पेशीचे ते वेगळे करायचं सॉफ्टवेअर, आणि त्यात मी नववी ऑथर आहे. काम चांगलंच होतं, माझ्या रेकॉर्डिंगचा डेटा त्यांनी टेस्टिंगसाठी वापरला, मी दोन महिने हाताने स्पाइक मार्क करून दिले, त्याचा मला आनंदच आहे. पण कल्पना माझी नाही, कोड माझा नाही, लिहिलेलाही मी नाही. आमच्या क्षेत्रात पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याचं आणि शेवटचं नाव ज्याची लॅब त्याचं, मधली नावं म्हणजे मदत, आणि ही मदत कधी सहा महिन्यांची असते तर कधी एका दुपारची. सायटेशन मोजणाऱ्या मशीनला यातलं काहीच कळत नाही, पहिल्यालाही ११५० आणि नवव्यालाही ११५०.

आता गंमत बघा (म्हणजे विचार करण्यासारखी गोष्ट या अर्थाने म्हणतेय), हा पेपर यादीतून काढून टाकला तर माझी एकूण सायटेशन्स निम्मी होतील पण एच-इंडेक्स फार तर एकाने कमी होईल. कारण एच-इंडेक्सचा हिशोबच तसा आहे. २००५ मधे होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला, तुमचे निदान एच इतके पेपर असे हवेत की ज्यांना प्रत्येकी निदान एच इतकी सायटेशन्स मिळालीत, तो तुमचा एच. म्हणजे माझे १४ पेपर असे आहेत की प्रत्येकाला १४ किंवा जास्त मिळालीत. चौदाच्या वर मग तुम्हाला पन्नास मिळोत की पाच हजार, एच-इंडेक्सला सारखंच. आणि चौदाच्या खाली असाल तर तुम्ही नाहीच. माझा सतराव्या नंबरचा पेपर त्या हिशोबात अस्तित्वातच नाही, मी तो कधी लिहिला नसता तरी माझा एच-इंडेक्स १४ च राहिला असता. हे वाक्य मी त्या रात्री एकदा मोठ्याने म्हणून बघितलं आणि मला बरं वाटलं नाही.

तर तो पेपर काय होता. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) पातळ स्लाइसमधे एकमेकांना जोडलेल्या दोन पेशी शोधायच्या, एक बास्केट सेल आणि एक पिरॅमिडल सेल, दोन्हीवर एकाच वेळी पॅच करायचं (काचेच्या बारीक नळीचं टोक पेशीला चिकटवून तिचा करंट मोजायचा), आणि बास्केट सेलने सिग्नल दिल्यावर पिरॅमिडल सेलमधे इनहिबिटरी, म्हणजे तिला दाबणारा, करंट किती वेळाने येतो आणि किती वेळ टिकतो ते मोजायचं. आणि हे दोन तापमानांना, एकदा खोलीच्या तापमानाला आणि एकदा ३३ अंशांना. जोडी मिळणंच अवघड, कधी आठवडाभर एक मिळायची नाही, मिळाली तर बाथ (स्लाइस ज्या द्रवात ठेवतात तो) गरम करताना इलेक्ट्रोड किंचित सरकायचा आणि पेशी जायची. चार वर्षांत ६१ जोड्या. गरम केल्यावर स्लाइस लवकर मरते म्हणून पुष्कळ लॅब्ज थंडच रेकॉर्ड करतात, आणि थंडीत सगळे करंट सावकाश उतरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण "माहीत आहे" असं म्हणून पुढे जातात. आमचं म्हणणं एवढंच होतं की पेशींच्या वेळेच्या गणितातले काही निष्कर्ष गरम केल्यावर टिकत नाहीत, हे बघा आकडे. जिवंत मेंदू काही २३ अंशांना चालत नाही.

तर अकरा.

त्यातलं एक सायटेशन माझंच, पुढच्या पेपरमधे मी स्वतःचा हा पेपर दिला होता. एक माझ्या सहलेखकाचं. स्वतःचं काम सांगताना आधीचं काम सांगावंच लागतं, त्यात गैर काही नाही, पण दोन गेली, राहिली नऊ. चार जणांनी प्रस्तावनेत एका वाक्याच्या शेवटी दिलाय, "इनहिबिशनचं टायमिंग महत्त्वाचं असतं" अशा अर्थाचं वाक्य आणि पुढे कंसात सात-आठ नावांची रांग, त्या रांगेत मी. त्यातल्या दोघांची रांग तर अगदी सारखी आहे, तीच नावं, त्याच क्रमाने, एकाने दुसऱ्याची उचललेली दिसते. एक पीएचडीचा थिसिस, त्यात पूर्ण परिच्छेद आहे आणि आमच्या आकृतीबद्दल एक चांगली शंकाही काढलीय (थिसिस गूगल स्कॉलर मोजतं, इतर डेटाबेस बहुतेक वेळा मोजत नाहीत, म्हणून एकाच माणसाचे आकडे स्कॉलरवर जास्त आणि स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सवर कमी दिसतात). एका रिव्ह्यूमधे दोन ओळी, नीट वाचून लिहिलेल्या.

आणि दोन चुकीची. एकात आमचा पेपर अशा वाक्याला जोडलाय ज्याचा आमच्या कामाशी संबंध नाही, बहुतेक रेफरन्स मॅनेजरमधे शेजारच्या ओळीवर क्लिक झालं असणार. दुसऱ्यात मात्र लिहिलंय की तापमानाचा टायमिंगवर फारसा परिणाम होत नाही, आणि पुढे आमचं नाव. अगदी उलट. आमच्या ॲबस्ट्रॅक्टच्या दुसऱ्या वाक्यात आम्ही "असं साधारणपणे मानलं जातं" म्हणून जे दिलं होतं तेच त्यांनी आमचा निष्कर्ष म्हणून घेतलं, तिसऱ्या वाक्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. माझ्या प्रोफाइलवर हे सायटेशन एक म्हणून मोजलं गेलंय, थिसिसमधल्या त्या परिच्छेदभर विचारालाही एक आणि यालाही एक.

राहिलं एक. त्याबद्दल शेवटी सांगते.

हा मोजण्याचा सगळा प्रकार सुरू झाला तो शोधाशोधीसाठी. यूजीन गारफिल्डने १९५५ मधे सायन्स या जर्नलमधे लेख लिहून कल्पना मांडली की एखाद्या पेपरला पुढे कोणी कोणी रेफर केलं याची सूची हवी, म्हणजे जुन्या पेपरवर नंतर कोणी टीका केलीय का, तो चुकीचा ठरलाय का हे वाचणाऱ्याला कळेल. १९६४ मधे सायन्स सायटेशन इंडेक्स आला. इम्पॅक्ट फॅक्टर तर त्या सूचीत कुठली जर्नल्स घ्यायची ते ठरवायला काढलेलं माप, जर्नलसाठी, माणसासाठी नाहीच. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यावर्षी किती सायटेशन्स मिळाली भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. दोन वर्षं! आमच्याकडे उंदराला एक टास्क शिकवायला कित्येक आठवडे जातात, त्यानंतर इम्प्लांट, मग रेकॉर्डिंग, मग ॲनालिसिस, आणि मग रिव्ह्यूअर म्हणतो अजून एक कंट्रोल करा. माझा पेपर वाचून उद्या कोणी प्रयोग सुरू केला तरी त्याचा पेपर येईपर्यंत ती खिडकी बंद झालेली असते. आणि जर्नलचा फॅक्टर म्हणजे सरासरी, थोड्याच पेपरना खूप सायटेशन्स मिळतात आणि बाकीचे त्यांच्या जोरावर उंच दिसतात, हे सगळे जाणतात तरी "कुठे छापलं" हा प्रश्न पहिला.

आमच्या क्षेत्राचा इतिहास या मापांनी मोजायला घेतला की फार विचित्र चित्र दिसतं. सांतियागो रामोन इ काहालला १८८८ मधे मेंदूच्या पेशींची आपली चित्रं कुठे छापावीत हा प्रश्न होता, त्याने स्वतःच्या खर्चाने स्वतःचं जर्नल काढलं, ६० प्रती छापल्या आणि युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवल्या. तेही स्पॅनिशमधे, जी वाचणारे त्यांच्यात फारसे कोणी नव्हते. पुढच्या वर्षी स्लाइड्स घेऊन तो बर्लिनच्या परिषदेला गेला आणि अल्बर्ट फॉन कोलिकर या ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञांना स्वतः मायक्रोस्कोपखाली दाखवल्या तेव्हा कुठे लोकांना पटायला लागलं. १९०६ मधे नोबेल, गोल्जीबरोबर. आज मेंदूवरच्या प्रत्येक पेपरमधे सुटी सुटी पेशी, तिच्या फांद्या, एका दिशेने जाणारा सिग्नल हे सगळं गृहीत असतं आणि कोणी काहालला साइट करत नाही, करायची गरजच वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने याला नाव दिलं होतं, काम ज्ञानात इतकं मुरतं की करणाऱ्याचं नावच पुसलं जातं. सायटेशनच्या आकड्यात हा प्रभाव शून्य दिसतो.

उलटा प्रकारही आहे. जगात सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९५१ चा लाउरी आणि सहकाऱ्यांचा, द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत, तीन लाखांच्या वर सायटेशन्स. आमच्याकडे पॅच क्लॅम्पचा १९८१ चा पेपर तसाच. पद्धत सांगणारा पेपर साइट करावाच लागतो, कारण मेथड्समधे लिहायचं असतं. त्या पद्धती नसत्या तर मी आज काय करत असते माहीत नाही, पॅच क्लॅम्पवर तर माझं पोट भरलंय, त्यामुळे त्यांना मान आहेच. पण हे आकडे आणि एखाद्या नव्या विचाराचे आकडे एकाच रकान्यात शेजारी ठेवून तुलना कशी करणार?

जॉन ओकीफ यांचा प्लेस सेलचा (प्राणी ठरावीक जागी आला की सिग्नल देणारी पेशी) पहिला पेपर, १९७१ चा, डोस्ट्रोव्स्कींबरोबर, ब्रेन रिसर्चमधे, थोड्याच पानांचा. नोबेल २०१४ मधे. ४३ वर्षं. सी एलिगन्स या जंताच्या मज्जासंस्थेचा पूर्ण नकाशा १९८६ मधे आला, ३०२ न्यूरॉन, तीनशेच्या वर पानं, दहा वर्षांहून जास्त काम. पब्लिकेशन किती? एक. कोणी ते दहा तुकडे करून छापलं असतं तर आजच्या फॉर्ममधे दहा दिसलं असतं. चेतापेशीत सिग्नल कसा तयार होतो यावरची हॉजकिन आणि हक्सली यांची १९५२ ची पेपरांची मालिका मी दर दोन-तीन वर्षांनी परत वाचते आणि दर वेळी काहीतरी नवीन सापडतं, शेवटच्या पेपरमधलं गणित हक्सलीने हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर केलं होतं हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते गप्प होतात. पण आता विषय तो नाही.

ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती म्हणजे सायटेशन आणि खरेपणा यांचा संबंध आपण मनात परस्पर जोडून टाकतो. २००६ मधे नेचर या जर्नलमधे अल्झायमरवरचा एक पेपर आला, एका विशिष्ट ॲमिलॉइड प्रथिनामुळे उंदरांची स्मृती जाते असा. दोन हजारांहून जास्त सायटेशन्स मिळाली, कित्येक लॅब्जनी त्या दिशेने काम केलं. २०२२ मधे त्यातल्या चित्रांमधे फेरफार झाल्याच्या शंका जाहीरपणे पुढे आल्या आणि २०२४ मधे पेपर मागे घेतला गेला. जाणकारांच्या यादीत तो सोळा-सतरा वर्षं वरच होता. आणि २०१३ मधे कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्सच्या अभ्यासांची स्टॅटिस्टिकल पॉवर तपासली तेव्हा मध्यक आला सुमारे २१ टक्के, म्हणजे परिणाम खरंच असला तरी पाचातल्या चार वेळा तो सापडणारच नाही इतके छोटे प्रयोग. छोटा प्रयोग लवकर होतो, लवकर छापतो, पेपरची संख्या वाढते. मोठा, सावकाश, जोड्या मोजत बसणारा प्रयोग चार वर्षं खातो. तरुण माणसाने काय करावं? त्याला नोकरी हवी असते, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही.

हे मी बोलतेय पण माझ्या हातूनही झालंय ते इथे लिहिते. काही वर्षांपूर्वी एका निवड समितीत होते. अर्ज भरपूर, वेळ कमी, तर आधी एक टेबल फिरवलं गेलं, नाव, पेपर, सायटेशन, एच-इंडेक्स. एका उमेदवाराचे पाच पेपर होते, एच-इंडेक्स ४. त्याचा अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. त्याचा एक पेपर मी आधी वाचलेला होता, झोपेतल्या उंदरांवरचा, फार काळजीपूर्वक केलेलं काम, नकारात्मक निकाल असूनही सगळा कच्चा डेटा उघडा ठेवलेला. मी बोलायला हवं होतं. टेबलावर सगळे पुढच्या नावाकडे गेले होते आणि मीही गेले. ते मला अजून टोचतं. २०१२ मधे सॅन फ्रान्सिस्कोत याच गोष्टीवर जाहीरनामा तयार झाला, डोरा म्हणतात त्याला, की माणसाचं मूल्यमापन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नका, काम वाचा. जगभरच्या हजारो संस्थांनी आणि लोकांनी सही केलीय. त्या टेबलाभोवती बसलेल्या आमच्यातल्या निदान दोघांनी तरी केलेली होती, त्यातली एक मी.

सगळी मापं फेकून द्या असं मी म्हणत नाही. एनआयएच या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या लोकांनी २०१६ मधे रिलेटिव्ह सायटेशन रेशो म्हणून जे माप मांडलं ते मला बरं वाटतं, त्यात तुमच्या पेपरची तुलना त्याच्याबरोबर साइट होणाऱ्या पेपरांच्या क्षेत्राशी होते, म्हणजे स्लाइसवाल्याची तुलना ब्रेन इमेजिंगच्या मोठ्या गर्दीशी होत नाही. शंभर अर्जांतून कुठून सुरुवात करायची हे ठरवायला आकडा कामाचा असेलही. पण एका माणसाचं रेकॉर्ड वाचायचं असेल तर मी आता असं बघते की पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले पेपर कुठले, त्यातला त्याचा स्वतःचा प्रश्न कुठला, तो प्रश्न दहा वर्षांत पुढे गेलाय की दर दोन वर्षांनी फॅशनप्रमाणे बदललाय, डेटा आणि कोड कोणाला मिळतो का, आणि दोन तरी पेपर मेथड्ससकट वाचते. एका माणसाला एक संध्याकाळ लागते. जास्त नाही.

आता ते अकरावं. मला अजिबात माहीत नसलेल्या एका लॅबचा पेपर, विषयही वेगळा, हिप्पोकॅम्पसचा नाहीच, कॉर्टेक्सचा. प्रस्तावनेत आमचं नाव नाही, चर्चेत नाही. मेथड्समधे एक ओळ आहे, बाथचं तापमान ३३ अंश ठेवलं कारण थंड रेकॉर्डिंगमधे टायमिंग फसवं येतं, आणि पुढे आम्ही. आणि सप्लिमेंटमधे त्यांनी सुरुवातीच्या थंड रेकॉर्डिंगचा एक पूर्ण संच दाखवलाय आणि लिहिलंय की हा वगळून सगळं परत गरम तापमानाला केलं. म्हणजे कोणीतरी आमचा पेपर वाचला, स्वतःचं कित्येक महिन्यांचं काम बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून केलं. मी ती सप्लिमेंटरी आकृती किती वेळ बघत बसले होते सांगता येत नाही. त्यांचे ट्रेस सुंदर आहेत, बेसलाइन अगदी सपाट.

फॉर्ममधे शेवटी "इतर माहिती" म्हणून एक चौकोन होता, २०० शब्दांचा, त्यात मी त्या आकृतीबद्दल लिहिलं. कोणी वाचेल की नाही ते बघू.

ज्यांनी उलट लिहिलं होतं त्यांना मी मेल लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता माझ्याच नव्या मॅन्युस्क्रिप्टची रेफरन्स लिस्ट उघडली, ६८ रेफरन्स, आणि प्रत्येकासमोर खूण करत गेले, पूर्ण वाचलाय, ॲबस्ट्रॅक्ट वाचलाय, वाचलेलाच नाही. वाचलेलाच नाही असे नऊ निघाले. त्यातला एक तर मी गेली आठ वर्षं प्रत्येक पेपरमधे देतेय, माझ्या गाईडच्या लिस्टमधून माझ्याकडे आला आणि राहिला. मेल ड्राफ्टमधेच ठेवला आणि तो जुना पेपर लायब्ररीतून मागवला, स्कॅन केलेली तिरकी पानं आली, दोन दिवसांपूर्वी वाचून झाला. मी ज्या वाक्याला तो जोडत होते ते त्यात आहे, पण अर्ध्याच अटीवर. आणि तिसऱ्या आकृतीत एक कंट्रोल आहे जो मला या वर्षी करायचाय. अजून आठ बाकी आहेत.